जागलीची डबी आणि शानलिंगचा चौकोन

रात्री अकरानंतर मेहकरात आमची गल्ली निजते. पंखा बंद केला की स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येतो. नवं यंत्र हाती आलं की मी आधी गाणं लावत नाही. मुद्दाम तयार केलेली दोन मिनिटांची जवळजवळ रिकामी फाइल लावतो. जवळजवळ एवढ्यासाठी, की काही चिप पूर्ण शून्य ओळखतात आणि आपणहून आवाज तोडतात. मग यंत्राची परीक्षाच होत नाही. म्हणून त्या फाइलीत कानाला कळणार नाही इतका बारीक स्वर ठेवलेला आहे. इअरफोन घट्ट बसवून मी ती शांतता ऐकतो. चांगल्या यंत्रात खरोखरच काही ऐकू येत नाही. साध्या यंत्रात ‘सूं’ असा सततचा आवाज असतो. ढोल-ताशात तो लपतो, पण तंबोरा छेडल्यावर, गायकाचा पहिला षड्ज लागायच्या आधी, तो मधे येऊन बसतो.

ही परीक्षा मी ज्या यंत्रांची घेतो त्यांची नावं आपल्याकडच्या दुकानांत सहसा कानावर पडत नाहीत: शानलिंग, एक्सडू, हायबी, हिडिझ, केयिन, आयबासो. खिशात मावणारी, फक्त गाणी वाजवणारी ही चिनी यंत्रं. त्यांतल्या त्यात फियो हे नाव थोडं ओळखीचं.

खरं तर चिनी गाणंयंत्र आपल्या बुलढाणा जिल्ह्याला नवं नाही. घाटावर असो की घाटाखाली, रात्रीची लाइन आली की ओलिताला जाणाऱ्या माणसाच्या हातात बॅटरीसोबत एक लाल किंवा निळी डबी असायचीच. एका बाजूला पेन ड्राइव्हची खाच, दुसरीकडे मेमरी कार्डाची, वर एफएमची दांडी, आणि पोटात नोकियाच्या साध्या फोनची बीएल-५सी बॅटरी. जागलीला, म्हणजे रात्री पीक राखताना, ती डबी धुऱ्यावर ठेवायची. माणसाला सोबत होते आणि रानडुकरं जरा लांब राहतात. कार्डात गाणी भरून देणारी दुकानं तालुक्याच्या प्रत्येक गावात होती. गजानन महाराजांची भजनं, सैलानीच्या कव्वाल्या, दादा कोंडक्यांची गाणी, सगळं एकाच कार्डात. जागा वाचावी म्हणून गाणी १२८ केबीपीएसपर्यंत दाबलेली असत, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं जेमतेम पाच एमबी. सीडीच्या दर्जाने तेच गाणं साधारण ५३ एमबी होतं, आणि फ्लॅकमध्ये, काहीही न गमावता, बहुधा तिसेक एमबीत बसतं. माझ्यासारख्या अनेकांचे कान त्या डबीवर तयार झाले, हे मी आदराने सांगतो. पुढे जे हवंसं वाटलं ते तिच्यामुळेच.

खिशातल्या एमपी३ यंत्राचा इतिहास कोरियातून सुरू होतो. एमपीमॅन १९९८ साली आला. २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला आणि २०२२ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. मधल्या काळात फोनने सगळं गिळलं. मोठ्या कंपन्यांनी सोडलेल्या त्या जागेत शेन्झेन, ग्वांगझू, झुहाई इथल्या छोट्या कंपन्या शिरल्या. शानलिंग १९८८ पासूनची. काचेच्या व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर आणि सीडी प्लेअर बनवणारी. फियो २००७ ची. आयबासोने २०१२ च्या सुमारास डीएक्स१०० मध्ये अँड्रॉइड आणलं. हायबीची गोष्ट उलटी: आधी गाणी वाजवण्याचं सॉफ्टवेअर, नंतर यंत्र, आणि तिचं सॉफ्टवेअर इतर कंपन्यांच्या यंत्रांतही चालतं. म्हणजे ही गाण्याचाच धंदा करणारी मंडळी आहेत.

शानलिंगचा एम-झिरो २०१८ चा. ४० गुणिले ४५ मिलिमीटर, जाडी साडेतेरा, वजन ३८ ग्रॅम. तळहातावर ठेवला तर लाह्यांच्या पुडीएवढंही ओझं वाटत नाही. दीड इंचाचा स्पर्शाने चालणारा पडदा, कडेला आवाजाचं एक चाक, एक कार्डाची खाच. आत स्वतःची साठवण नाही; सगळं कार्डावर. त्या चाकाची प्रत्येक टिचकी अंगठ्याला जाणवते, त्यामुळे खिशात हात घालून न बघता आवाज कमी-जास्त करता येतो. पण गाणं बदलायचं तर बहुधा पडदा बघावा लागतो. एसटीत उभं राहून चिखलीहून बुलढाण्याला जाताना हा फरक कळतो.

एक्सडूचा एक्स३ याच्या अगदी विरुद्ध: धातूची जाड वीट, रंग नसलेला छोटा पडदा, खरी बटणं आणि कार्डाच्या दोन खाचा. शास्त्रीय संगीत एका कार्डावर, बाकीचं दुसऱ्यावर, अशी सोय. त्यावर रॉकबॉक्स चढवता येतं. २००१ पासून जगभरचे स्वयंसेवक फुकट लिहीत आलेलं हे सॉफ्टवेअर. यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी ते बसतं. ख्यालाच्या मैफिलीत विलंबित संपून द्रुत सुरू होताना ध्वनिमुद्रणाचे दोन तुकडे केलेले असतात, आणि बरीच यंत्रं त्या सांध्यावर क्षणभर मुकी होतात. रॉकबॉक्स तो सांधा कळू देत नाही. मला हा गुण कुठल्याही चिपपेक्षा मोठा वाटतो.

चिपबद्दल मात्र बोलावंच लागेल, कारण जाहिराती तिच्याच नावावर चालतात. एम-झिरोमध्ये अमेरिकेच्या ईएसएस कंपनीची ईएस९२१८पी ही चिप आहे. तीच चिप एलजीच्या व्ही३० फोनमध्येही होती. पण म्हणून दोघांचा आवाज एक होत नाही. आकड्यांचा आवाज करणं हे चिपचं काम. पुढे तिला वीज किती स्वच्छ मिळते आणि ॲम्प्लिफायर इअरफोनला कसा पेलतो, यावर उरलेलं ठरतं. यंत्राचा स्वतःचा अवरोध इअरफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा जाणकारांचा आडाखा आहे. सोळा ओहमचा इअरफोन असेल तर दोन ओहमच्या आत. त्यापेक्षा जास्त झाला की काही इअरफोनांत खालचे नाहीतर वरचे स्वर हलतात आणि आपण दोष गाण्याला देतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओका इथे एकेएम कंपनीचा चिपचा कारखाना जळाला आणि त्या चिपवर अवलंबून असलेल्या कंपन्यांना यंत्रांचे आराखडे बदलावे लागले. तेव्हा कळलं, की या चिनी डब्यांचं काळीज अमेरिका-जपानकडून येतं आणि त्यांचं कसब जोडणीत आहे.

माझं कसोटीचं गाणं घरचंच आहे. मेहकरला वकिली केलेले कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांनी गायली, आणि मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत ती गणली जाते. ७८ आरपीएमची तबकडी, एका बाजूला तीनेक मिनिटं. त्या काळच्या मुद्रणात सहा-सात हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतं. मग यंत्राच्या जाहिरातीतल्या १९२ किलोहर्ट्झच्या पाटीचा इथे उपयोग काय? काहीच नाही. पण चांगलं यंत्र सुईची खरखर आणि गळा वेगळे ठेवतं. खरखर खिडकीबाहेरच्या पावसासारखी एकीकडे राहते आणि जोशींचा आवाज मधोमध, जवळ येतो. वाईट यंत्रात दोन्हींचा काला होतो. जे गाणं पैनगंगेच्या काठच्या कवीने लिहिलं ते शेन्झेनच्या डबीतून त्याच गावात ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो, दर वेळी.

आईची गरज वेगळी. तिला ‘श्री गजानन विजय’चे एकवीस अध्याय हवे होते, क्रमाने, रोज थोडे. मी एका स्वस्त यंत्रात ते भरून दिले. दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं, ‘‘अरे, पह्यल्याच्या मागं एकदम दहावा कसा लागला?’’ यंत्र आकडा वाचत नव्हतं, अक्षर वाचत होतं. एकानंतर त्याला दोन दिसत नव्हता, दहा दिसत होता. पडद्यावर तर काहीच कळत नव्हतं. देवनागरीच्या जागी चौकोन, आणि दुसऱ्या एका यंत्रात अक्षरं आली ती तुटून: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे पडलेली, जोडाक्षरं पाय मोडून. चिनी, जपानी अक्षरं तीच यंत्रं नीट दाखवतात. या यंत्रांची परीक्षणं करणारे हा मुद्दा विचारतसुद्धा नाहीत. मराठी माणसाने तो दुकानात, पैसे देण्याआधी विचारावा, स्वतःचं कार्ड घालून.

अँड्रॉइडवर चालणाऱ्या यंत्रांत देवनागरी नीट दिसते, पण ही यंत्रं महाग, आणि सुरू व्हायला वेळ घेतात. बॅटरीचा प्रश्न तर सगळ्यांनाच आहे. जागलीच्या डबीची बॅटरी संपली की खामगावच्या कुठल्याही मोबाइल दुकानात दुसरी मिळते. या देखण्या यंत्रांची बॅटरी आत चिकटवलेली असते. चार-पाच वर्षांनी ती दमते, तोवर कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं असतं. विकत घेताना मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

आईसाठी शेवटी बटणांचं यंत्र घेतलं. एका संध्याकाळी बसून सगळ्या फाइलींची नावं बदलली: ०१, ०२, ०३, थेट २१ पर्यंत. शून्य लावलेलं तेवढं पुरलं. पडद्यावर अजून देवनागरी नाही, नुसते आकडे. सकाळी देवघरापाशी ती मधलं मोठं बटण चाचपते, दाबते, आणि काल थांबलेल्या ओवीपासून पुढे सुरू होतं.