कॉलेजात एक्सेल शिकताना खरं काय शिकायचं असतं?

बी.कॉम., बीबीएच्या पहिल्या वर्षाला अनेक ठिकाणी कॉम्प्युटरचा पेपर असतो. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. ‘हे तर येतंच’ म्हणून अनेकजण त्याकडे दुर्लक्ष करतात. पण एक्सेलमधली एक चूक किती महागात पडते, हे इंग्लंडने २०२० मध्ये पाहिलं.

तिथे कोरोना चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ फाईलमध्ये घेतले जात होते. या फाईलच्या एका शीटमध्ये फक्त ६५,५३६ ओळी मावतात. त्यापुढची माहिती गळाली आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरदरम्यानचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायलाही उशीर झाला.

नव्या ‘एक्सएलएसएक्स’ फाईलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. तरी फसगत आजही होते. एखादा आकडा ‘टेक्स्ट’ म्हणून साठवला गेला असेल, तर सेलची रेंज देऊन बेरीज करताना ‘सम’ फॉर्म्युला तो चक्क वगळतो. बेरीज चुकते, पण उत्तराच्या जागी एरर दिसत नाही.

म्हणून या विषयात बटणं पाठ करण्यापेक्षा एक सवय महत्त्वाची: मूळ यादीत नोंदी किती होत्या आणि शीटमध्ये किती आल्या, हे आधी मोजायचं. बेरजेवर विश्वास त्यानंतर.