‘क्लायंट’ मुळात कोण होता?

आज एकच शब्द घेऊ. गिऱ्हाइकाला फ्रेंचमध्ये म्हणतात ‘क्लियाँ’, स्पॅनिश-इटालियनमध्ये ‘क्लिएन्ते’, रुमानियनमध्ये ‘क्लिएन्त’. सगळ्यांचं मूळ लॅटिन ‘क्लिएन्स’.

पण रोममधला क्लिएन्स खरेदीला आलेला नसायचा. तो बड्या माणसाचा आश्रित. सकाळी आपल्या ‘पात्रोनुस’च्या दारी मुजऱ्याला जायचं, निवडणुकीत त्याच्या मागे उभं राहायचं. बदल्यात कधी जेवण, कधी चार पैसे, आणि कोर्टात पाठीराखा. यातूनच वकिलाचा अशील तो क्लायंट झाला आणि पुढे दुकानात येणाराही.

मला गंमत वाटते ती फ्रेंच कॅफेची. तिथे मालकाला आजही ‘पात्रॉं’च म्हणतात. म्हणजे रोमची जुनी जोडी अजून समोरासमोर आहे!

पोर्तुगीजमध्ये आणखी एक शब्द आहे, ‘फ्रेगेझ’. मूळ अर्थ ‘चर्चचा लेक’. आधी पॅरिशमधला माणूस, मग नेहमीचं गिऱ्हाईक.

आपलं ‘गिऱ्हाईक’ आलं संस्कृत ‘ग्राहक’वरून, म्हणजे घेणारा. आपण व्यवहार पाहिला, त्यांनी नातं.

तेव्हा ऑफिसात ‘क्लायंटचा फोन!’ म्हणून धावपळ उडाली, की आठवा: मुळात धावायचा तो क्लायंटच.