आपशिंगे ते मणेराजुरी

सातारा तालुक्यातील आपशिंगे हे गाव ‘आपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रजांनी गावात स्तंभ उभारला.

या परंपरेचे श्रेय सहसा रक्ताला दिले जाते. ते पुरते खरे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी जातीजमातींची ‘लढवय्ये’ आणि ‘बिगरलढवय्ये’ अशी वाटणी केली. गुरखे, शीख, पठाण वरच्या पंक्तीला बसले. मराठ्यांना, त्यांच्या पलटणी १७६८पासूनच्या असूनही, खालचे पान मिळाले. महारांची भरती तर १८९०च्या दशकात बंदच झाली. सुभेदार रामजी सकपाळ यांचा मुलगा भीमराव १९००मध्ये साताऱ्यातील शाळेत दाखल झाला, तेव्हा वडिलांच्या पेशाची वाट त्याच्या जातीला मिटलेली होती. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१मध्ये, बेळगावात.

मराठ्यांविषयीचे मत पालटले मेसोपोटेमियात. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी २९ एप्रिल १९१६च्या शरणागतीपर्यंत उपासमारीत टिकून राहिल्या, तर १९१८मध्ये शरकातच्या लढाईत ११४व्या पलटणीने शौर्यपदकांची रास मिळवली. गोऱ्या सैनिकांनी या शिपायांना ‘गणपत’ असे टोपणनाव दिले. मुळात ही माणसे भरतीला गेली ती बहुधा पावसाच्या भरवशावरची शेती सोडून. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पगार आणि पेन्शन हेच खात्रीचे पीक होते. पुढे पेन्शनीत आलेला सुभेदार भावकीतल्या पोरांना भरतीची वाट दाखवू लागला.

पलटणीतली ही निष्ठा इंग्रज सरकारशी होती असेही नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता आणि याच जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांचे इंग्रजविरोधी प्रतिसरकार चालले.

स्वातंत्र्यानंतरही भरतीची ही वाट चालू राहिली. तासगाव तालुक्यातील मणेराजुरीचे शिपाई पांडुरंग साळुंखे १९७१च्या युद्धात १५ मराठा लाइट इन्फन्ट्रीकडून लढताना पंजाब सीमेवर धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

जवानांच्या या मुलुखातून अधिकारीही घडावेत, याची सोय देशातील पहिल्या सैनिकी शाळेने केली. ती २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक तिथेच शिकले. नोव्हेंबर २०१५मध्ये कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना ते शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी चेन्नईतील प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७मध्ये त्या लष्करात लेफ्टनंट म्हणून रुजू झाल्या.