ॲलन, फ्रेड

ॲलन, फ्रेड : (३१ मे १८९४–१७ मार्च १९५६). अमेरिकन नभोवाणीवरील अग्रगण्य विनोदी नट व लेखक. मूळ नाव जॉन फ्लॉरेन्स सलिव्हन. मॅसॅचूसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आयरिश-कॅथलिक कुटुंबात जन्म. बालपणीच आई वारल्याने मावशीने त्याचा सांभाळ केला. वडील बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकबांधणीचे काम करीत. किशोरवयात तेथेच नोकरी करीत असता विनोदाच्या उगमाविषयीचा एक ग्रंथ त्याच्या वाचनात आला. याच सुमारास तो अनेक चेंडू एकाच वेळी उडवून झेलण्याचे खेळ शिकला. या खेळात त्याला फारशी गती नव्हती. पण चेंडू हातातून निसटल्यावर तो जे बोले, त्यालाच प्रेक्षक अधिक दाद देत. तेव्हा ‘जगातील सर्वांत वाईट चेंडूफेक्या’ अशी स्वतःची जाहिरात करून त्याने व्होडव्हिल या विविधरंजनाच्या रंगमंचावर आपला जम बसविला. ऑस्ट्रेलियाचाही त्याने दौरा केला. १९२० नंतर तो ब्रॉडवेवरील संगीतिकांतून चमकू लागला. द लिटल शो (१९२९) व थ्रीज अ क्राउड (१९३०) या त्यांपैकी विशेष गाजलेल्या होत. १९२७ मध्ये त्याने पोर्टलंड हॉफा हिच्याशी विवाह केला. पुढे त्याच्या सर्व नभोवाणी-कार्यक्रमांत तिचा सहभाग राहिला.

नभोवाणीवर त्याचे पदार्पण २३ ऑक्टोबर १९३२ रोजी झाले. त्या काळी रंगमंचावरून आलेले बहुतेक विनोदी नट चित्रविचित्र पोशाख करून, स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांना हसविण्याची धडपड करीत. घरी ऐकणाऱ्या श्रोत्याला त्या हशाचे कारणही कळत नसे. ॲलनने मात्र न दिसणाऱ्या श्रोत्याच्या कल्पनाशक्तीवर भिस्त ठेवली. टाउन हॉल टुनाइट (१९३४–३९) या तासाभराच्या साप्ताहिक कार्यक्रमासाठी तो रोज अनेक वृत्तपत्रे वाचून कात्रणे काढी व त्यांतील घटनांवर उपहासात्मक प्रसंग रचीत असे. साहाय्यक लेखक असले, तरी संहितेवर अखेरचा हात त्याचाच फिरे. कार्यक्रम ध्वनिमुद्रित नसून प्रत्यक्ष सादर होत असल्याने पश्चिम किनाऱ्यावरील श्रोत्यांसाठी तोच कार्यक्रम त्याच रात्री पुन्हा करावा लागे. आठवड्याचे बहुतेक दिवस व्यापणाऱ्या या श्रमांनी त्याची प्रकृती खालावली. उच्च रक्तदाबामुळे १९४४ मध्ये त्याला कामातून निवृत्त व्हावे लागले. १९४५ मध्ये तो परतला.

३० डिसेंबर १९३६ रोजी त्याच्या कार्यक्रमात एका लहान मुलाने व्हायोलिन वाजविले. त्याचे कौतुक करताना ॲलनने आपला मित्र व प्रतिस्पर्धी जॅक बेनी याच्या वादनाला टोला लगावला. बेनीने आपल्या कार्यक्रमातून प्रत्युत्तर दिले आणि या लुटुपुटूच्या भांडणाने दोघांच्याही श्रोत्यांचे अनेक वर्षे मनोरंजन केले.

ॲलनची सर्वांत टिकाऊ निर्मिती म्हणजे डिसेंबर १९४२ पासून सादर झालेली ‘ॲलन्स ॲली’ ही काल्पनिक गल्ली. दर आठवड्यास तो तेथील दारे ठोठावून रहिवाशांना चालू घडामोडींवर प्रश्न विचारी. दक्षिणेकडील बढाईखोर सिनेटर क्लॅगहॉर्न, न्यू इंग्लंडचा मितभाषी शेतकरी टायटस मूडी, ज्यू गृहिणी मिसेस नुसबाउम यांच्या उत्तरांतून प्रादेशिक व वांशिक ढंगांची ओळख केवळ आवाजातून होई. ही पात्रे ठोकळेबाज खरी, परंतु त्यांच्या तोंडची भाषा कसदार होती. ‘फॉगहॉर्न लेगहॉर्न’ या व्यंगपटांतील कोंबड्यावर क्लॅगहॉर्नची छाप स्पष्ट आहे.

नभोवाणी-कंपन्यांचे अधिकारी व जाहिरातदार यांच्याशी त्याचे कधीच पटले नाही. संहितेतील शब्दन् शब्द तपासला जाई व कात्री लावली जाई. २० एप्रिल १९४७ रोजी कंपनीच्या उपाध्यक्षांची टिंगल करणारा मजकूर गाळण्यास त्याने नकार दिला, तेव्हा एनबीसीने तेवढा वेळ ध्वनिक्षेपणच तोडले. या प्रकारावर विनोद करणाऱ्या बॉब होप व रेड स्केल्टन यांच्याही वाट्यास तेच आले. अखेर सर्वत्र हसे झाल्यावर कंपनीला माघार घ्यावी लागली. ज्यातून मौन लादले गेले, त्या मौनाचाच येथे सर्वांत मोठा विनोद झाला.

१९४८ मध्ये एबीसीने त्याच वेळी स्टॉप द म्यूझिक हा घरोघरी दूरध्वनी करून बक्षिसे वाटणारा कार्यक्रम सुरू केला. त्यात बक्षीस हुकल्यास आपण पाच हजार डॉलरपर्यंत भरपाई देऊ, असे ॲलनने उपरोधाने जाहीर केले. तथापि श्रोते ओसरले ते ओसरलेच. २६ जून १९४९ रोजी त्याचा अखेरचा कार्यक्रम झाला. त्यात पाहुणा म्हणून बेनीच होता. दूरचित्रवाणीविषयी ॲलनला आस्था नव्हती, तिच्यावर त्याला फारसे यशही लाभले नाही. मात्र व्हॉट्स माय लाइन? या कार्यक्रमाच्या तज्ञमंडळात तो १९५४ पासून अखेरपर्यंत होता. ट्रेडमिल टू ऑब्लिव्हियन (१९५४) या ग्रंथात त्याने आपल्या नभोवाणी-जीवनाचा कडवट, पण मार्मिक आढावा घेतला आहे. मच अडू अबाउट मी हे आत्मचरित्र मृत्यूनंतर १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क येथे रात्री फिरावयास गेला असता तो निधन पावला.