खेळाडू की कामगार?

मैदानावर घाम गाळणारा खेळाडू कायद्याच्या नजरेत कामगार असतो का? प्रश्न वकिलांचा वाटतो; पण जायबंदी झालेल्याच्या औषधपाण्याचा खर्च कोण करणार, हे त्याच्या उत्तरावर ठरते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातले दोन निकाल मला या बाबतीत फार बोलके वाटतात.

अर्नेस्ट नेमेथ डेन्व्हर विद्यापीठात शिकत होता आणि विद्यापीठाच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळत होता. टेनिस कोर्टांची देखभाल करण्याचे काम त्याला पगारावर मिळाले होते, पण खरी अट फुटबॉल खेळण्याची! खेळ सुटला की काम सुटणार. १९५० मध्ये सरावात त्याच्या पाठीला दुखापत झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये म्हटले, हा कामगारच आहे, त्याला भरपाई द्या.

दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार भरपाई मागितली. १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने ती नाकारली. खेळलेच पाहिजे असा करार नव्हता, आणि महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नव्हते, असे कारण दिले. अट कागदावर नसली की माणूस कामगार उरत नाही, हे तर्कट मला आजही पटत नाही.

त्याच सुमारास महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. भरपाईचे दावे टाळण्यासाठीच तो घडवला, असे तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ मध्ये पुस्तकातच लिहून टाकले!

व्यावसायिकांचे पाहा. ते कामगार, म्हणून त्यांची युनियन. आणि आरोग्य व सुरक्षितता यांवर मालकाला युनियनशी बोलणी करावीच लागतात. २०११ च्या करारात एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये हंगामातले पूर्ण धडकीचे सराव १४ वर आणले गेले. डोक्याला बसणारे धक्के सरावातही बसतात, त्यामुळे हे कलम मला मोठे वाटते.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी २०१४ मध्ये युनियनची मागणी केली. कामगार मंडळाच्या स्थानिक अधिकाऱ्याने त्यांना कामगार मानले, पण २०१५ मध्ये मंडळाने प्रकरणात हात घालायलाच नकार दिला. ऑगस्ट २०२४ पासून वरच्या श्रेणीतल्या महाविद्यालयांना खेळातल्या दुखापतींचा खर्च शिक्षण संपल्यावरही किमान दोन वर्षे उचलण्याचे बंधन आले. २०२५ मध्ये एका न्यायालयीन तडजोडीने खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभाही मिळाली. कामगाराचा दर्जा मात्र त्या तडजोडीत नव्हता.