स्वीकारातून मनःस्वास्थ्याकडे : एका उपचारपद्धतीची ओळख

दुःख, भीती वा चिंता मनात उद्भवली की ती तत्काळ घालवावी, अशी आपली स्वाभाविक प्रवृत्ती असते. तथापि, मनाशी चाललेला हा झगडाच कित्येकदा मूळ दुःखाहून अधिक क्लेशदायक ठरतो. या निरीक्षणावर आधारलेल्या ‘ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी’ अर्थात ‘ॲक्ट’ या मानसोपचार पद्धतीचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज हे या पद्धतीचे प्रमुख प्रवर्तक होत. 1978 साली विभागाच्या एका बैठकीत त्यांना भीतीचा तीव्र झटका आला. बोलण्यासाठी तोंड उघडले, पण शब्दच फुटेना. पुढे भीती टाळण्याचा जितका प्रयत्न त्यांनी केला, तितकी ती बळावत गेली. या अनुभवानंतर त्यांनी 1980च्या दशकात सहकाऱ्यांसह ही पद्धती विकसित केली. तिचा मूलभूत ग्रंथ 1999 साली प्रसिद्ध झाला.

एक उदाहरण घेऊ. पतीच्या निधनानंतर एखादी भगिनी, रडू कोसळेल या भीतीने लग्नसमारंभ टाळते. मग बाजार टाळते. शेवटी शेजाऱ्यांकडे जाणेही बंद करते. दुःख कमी होत नाही, आयुष्य मात्र आक्रसत जाते. ‘डोळे भरून आले तरी चालतील, पण भाचीच्या लग्नाला मी जाईन’ असे ज्या दिवशी ती ठरवते, त्या दिवशी तिच्या ठायी मानसिक लवचीकता प्रकट होते.

या लवचीकतेची सहा अंगे सांगितली जातात : भावनांना मनात जागा देणे, विचार हा केवळ विचार आहे, सत्य नव्हे, हे ओळखणे, वर्तमान क्षणात राहणे, विचार-भावनांहून वेगळ्या अशा साक्षीभावाने स्वतःकडे पाहणे, आपली जीवनमूल्ये निश्चित करणे, आणि त्यांना अनुसरून कृती करणे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्वीकार म्हणजे अन्याय वा मारहाण निमूटपणे सोसणे नव्हे. स्वीकार मनातील भावनांचा करायचा असतो. बदलता येण्याजोगी परिस्थिती बदलण्यासाठी तर ही पद्धती कृतीचाच आग्रह धरते.

या तत्त्वांवर जागतिक आरोग्य संघटनेने गटांसाठी एक स्वयंसाहाय्य कार्यक्रम तयार केला आहे. युगांडातील दक्षिण सुदानी निर्वासित स्त्रियांमध्ये त्याची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. कार्यक्रमानंतर तीन महिन्यांनी या स्त्रियांचा मानसिक ताण तुलनेने कमी आढळला.

अर्थात, तीव्र नैराश्य वा आत्महत्येचे विचार असल्यास केवळ वाचनावर विसंबून न राहता त्वरित मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. आपल्या कुटुंबात वा शेजारी कोणी असे एकाकी झाले असेल, तर आपण स्वतः त्यांच्या दारी जावे, अशी आमची वाचकांना नम्र विनंती आहे.