काडतुसाच्या पुंगळीची पूर्वसिद्धता

मराठीतील 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. व्यवहारात तो एकाच वस्तूचा वाचक असला, तरी रायफलीचे काडतूस वस्तुतः चार घटकांचे बनलेले असते : गोळी, दारू, ठिणगी देणारी टोपी आणि या तिहींना एकत्र धरणारी पितळी पुंगळी. बार उडाल्यावर पहिले तीन घटक खर्ची पडतात. पुंगळी मात्र उरते. अमेरिकेत व अन्य काही देशांत नेमबाज हीच पुंगळी पुनःपुन्हा भरून वापरतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना दारूगोळा तयार करता येत नाही. त्यामुळे ही कला येथे फारशी परिचित नाही. तथापि तिच्या मुळाशी असलेला धातुविषयक प्रश्न महत्त्वाचा असून त्याच्या इतिहासाचा एक धागा भारतातील पावसाळ्याशी जोडलेला आहे.

प्रथम अचूकपणाचा अर्थ निश्चित करणे अगत्याचे आहे. गोळ्या लक्ष्याच्या मध्यापासून दूर, पण एकमेकींच्या अगदी जवळ लागत असतील, तर दर्शिका फिरवून तो दोष सहज दूर करता येतो. गोळ्या विखुरल्या, तर मात्र असा सोपा उपाय नसतो. म्हणून अचूकपणा म्हणजे मुख्यतः एकरूपता होय. प्रत्येक बार मागील बारासारखा व्हावा, एवढेच पुंगळीच्या पूर्वसिद्धतेचे उद्दिष्ट असते.

बार उडताच वायूंच्या दाबाने पुंगळी फुगते आणि नळीच्या मागील कक्षाच्या भिंतीला घट्ट चिकटून वायूंची मागची वाट बंद करते; दाब ओसरताच ती किंचित आक्रसते. सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेत ही लवचीकता व बळकटी एकत्र आढळते. तथापि फुगलेली पुंगळी पूर्ववत होत नाही. तिला पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणावे लागते. या प्रत्येक फेऱ्यात पितळ थोडे पुढे सरकते आणि पुंगळी लांब होते. '.३०८ विंचेस्टर' या काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच आहे. ती वाढल्यास सामान्यतः २.००५ इंचांपर्यंत कापतात. लांबी मर्यादेबाहेर गेली, तर पुंगळीचे तोंड कक्षाच्या टोकाशी आवळले जाते, गोळी वेळेवर सुटत नाही आणि दाब धोकादायक प्रमाणात वाढतो.

उरलेले बहुतेक संस्कार मोजमापाचे आहेत. टोपीच्या खोबणीची खोली सारखी करतात. ज्योत ज्या छिद्रातून दारूपर्यंत जाते त्याच्या आतील कडेचे कंगोरे काढतात. पुंगळीत मावणारे पाणी तोलून सारख्या आकारमानाच्या पुंगळ्या वेगळ्या काढतात. गळ्याची जाडी एका बाजूस अधिक असल्यास गोळी अक्षापासून ढळते, म्हणून गळा बाहेरून तासतात. १९७५ च्या सुमारास लुई पाल्मिसानो व फेरिस पिंडेल यांनी मेजावर रायफल टेकवून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांसाठी 'पीपीसी' काडतूस सिद्ध केले. त्याच्या स्पर्धेच्या रायफलींत गळ्याभोवतीची जागा इतकी कमी ठेवतात की गळा तासल्याशिवाय काडतूस आत बसत नाही.

हे सर्व दोष मोजता येतात. पितळेचा कठीणपणा मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या मापकालाही कळत नाही. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरास ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भांडे ठोकता ठोकता पत्रा ताठर होतो. तसाच ठोकत राहिल्यास तो चिरतो. म्हणून तांबट मधूनमधून तो भट्टीत तापवतो. ठोकण्याने धातूच्या स्फटिकरचनेत साठलेली विकृती उष्णतेने नाहीशी होऊन नवे, ताणरहित स्फटिक निर्माण होतात. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. पुंगळीचा गळाही प्रत्येक वेळी फुगून व दाबला जाऊन असाच ताठर होतो. ताठर गळा साच्यातून निघताच अधिक उसळून मागे येतो. परिणामी गोळीवरील पकड पुंगळीगणिक बदलते आणि पुढे गळा उभा चिरतो.

यावर अनुशीतन हा उपाय असला, तरी तो केवळ गळा व खांदा यांपुरताच करावयाचा असतो. बुडाचे पितळ कठीणच राहिले पाहिजे, कारण बाराचा दाब तेथे आधाराविना झेलावा लागतो. बूड मऊ झाल्यास ते फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतात. म्हणून जुन्या पद्धतीत पुंगळ्या पाण्याच्या पसरट भांड्यात उभ्या करून वरचा भागच ज्योतीने तापवीत. येथे पाण्याचे कार्य केवळ बूड थंड राखण्याचे असते. पोलादाप्रमाणे पितळ पाण्यात बुडवल्याने कठीण होत नाही. अतितापाने मात्र स्फटिक मोठे होऊन गळा दुबळा होतो, आणि ही हानी पुन्हा तापवून भरून येत नाही.

या अदृश्य ताणाचा धडा ब्रिटिश सैन्यास भारतात मिळाला. पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना, त्या न वापरताच, तडे जात. ऋतूशी संबंध दिसल्याने या दोषास 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडले. ऋतू हा केवळ निमित्तमात्र होता. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी खरे कारण दाखवले : घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर क्रिया करी आणि पुंगळी घडवताना धातूत राहिलेला ताण तिला चीर पाडी. दोहोंपैकी एक कारण दूर केले तरी चीर टळे. अमोनिया सर्वत्र टाळता येईलच असे नव्हते. ताण मात्र तापवून काढता येत होता. सैनिकी पुंगळीच्या गळ्याजवळ दिसणारी निळसर-तपकिरी छटा ही त्याच अनुशीतनाची खूण होय.

सारांश, दोन पुंगळ्या लांबीत, वजनात व जाडीत सारख्या असूनही एक दोनदा व दुसरी दहादा वापरलेली असेल, तर त्या एकरूप नसतात. म्हणून दक्ष नेमबाज पुंगळ्यांचे गट करून प्रत्येक गट किती वेळा वापरला याची नोंद ठेवतो. मापकाने जे सांगता येत नाही, ते या नोंदीवरूनच कळू शकते.